श्रद्धा, सत्ता आणि धैर्य: सांगली-मिरज परिसरातल्या ख्रिस्ती मंडळ्यांतून (चर्चमधून) वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निवडणूक जवळ आली, मंडळीच्या जागेचा वाद निघाला किंवा एखाद्या वाडीवरची प्रार्थनासभा कुणी येऊन बंद पाडली, की हे प्रश्न हमखास येतात. काही उपासना सुटल्यावर दाराशी विचारले जातात, काही तरुण संघाच्या बैठकीत, बरेचसे रात्री उशिरा फोनवर. सोपे आधी आणि अवघड नंतर, अशी मांडणी केली आहे. शास्त्रवचनांचे संदर्भ कंसात आहेत. बायबल शेजारी उघडून ठेवून वाचावं, ही विनंती.

१. विश्वासणाऱ्याने राजकारणात पडावं का? येशूने तर सांगितलं, "माझे राज्य या जगाचे नाही."

पडायला हरकत नाही. योसेफाने फारोच्या दरबारात दुष्काळाचं धान्य सांभाळलं. दानीएल परक्या राजांच्या पदरी मोठ्या हुद्द्यावर होता. नहेम्या आधी राजाचा प्यालेबरदार, मग यहूदाचा अधिपती. नव्या करारात एरास्त नावाचा नगराचा खजिनदार भेटतो (रोम. १६:२३). येशूचं ते वाक्य पिलातासमोरचं आहे (योहान १८:३६), आणि त्याच वचनात पुढे तो म्हणतो की तसं असतं तर माझे सेवक लढले असते. त्याचं राज्य तलवारीच्या जोरावर उभं नाही, एवढंच तो तिथे सांगतो. जगाशी आपल्याला कर्तव्य नाही असा त्याचा अर्थ लावून ग्रामसभेला दांडी मारू नये.

ज्यांना उभं राहायचं आहे त्यांनी अर्ज भरण्याआधी नहेम्याचा पाचवा अध्याय वाचावा. बारा वर्षं अधिपती असून त्याने अधिपतीचा भत्ता घेतला नाही, आणि गरिबांची शेतं गहाण ठेवून घेणाऱ्या आपल्याच सरदारांना भरसभेत जाब विचारला.

२. रोमकरांस १३ मध्ये अधिकाऱ्यांच्या अधीन राहा असं स्पष्ट लिहिलंय. मग सरकारविरुद्ध बोलणं पाप नाही का?

सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, आणि तो बहुतेक वेळा दुसऱ्याला गप्प बसवण्यासाठी विचारला जातो.

पौलाने हे पत्र साधारण इ. स. ५७ च्या सुमारास लिहिलं. रोममध्ये तेव्हा नीरो गादीवर होता. मंडळीवर त्याचा छळ कोसळला तो रोमच्या आगीनंतर, ६४ मध्ये. म्हणजे पौल कुठल्या भल्या ख्रिस्ती राजाबद्दल लिहीत नव्हता, ही गोष्ट खरी आणि वजनदार आहे. कायदा पाळा, कर भरा, मान द्या हे तो मनापासून सांगतो. पण त्याच परिच्छेदात तो अधिकाऱ्याला "देवाचा सेवक" म्हणतो, तुझ्या हितासाठी नेमलेला (१३:४). सेवक म्हटलं की वर मालक आला, आणि सेवकाला त्याच्या कामाबद्दल विचारता येतं.

पौल स्वतः तसा वागला. फिलिप्पैत चौकशी न करता त्याला फटके मारून तुरुंगात टाकलं. दुसऱ्या दिवशी गुपचूप सोडून देऊ लागले, तर तो जाईना. आम्ही रोमी आहोत, त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर काढावं, म्हणाला (प्रे. कृत्ये १६:३७). हा रोमकरांस १३ लिहिणाराच माणूस.

प्रकटीकरणाचा तेरावा अध्यायही याच्या शेजारी ठेवून वाचावा. तिथे तीच राजसत्ता उपासना मागू लागते आणि श्वापद होते. दोन्ही अध्याय एकाच बायबलात आहेत. एकच पाठ करणाऱ्याने दुसराही वाचावा.

३. मग "नाही" नक्की कधी म्हणायचं?

शास्त्रात ठरीव यादी नाही, पण प्रसंग भरपूर आहेत. सत्ता जेव्हा देवाने मना केलेलं करायला लावते, किंवा देवाने सांगितलेलं करू देत नाही, तेव्हा हद्द येते. फारो मुलगे मारायला सांगतो, शिफ्रा आणि पूवा या सुइणी मारत नाहीत (निर्गम १:१५-२१). नबुखद्नेस्सर मूर्तीपुढे पालथं पडायला सांगतो, तिघे तरुण उभे राहतात (दानीएल ३). न्यायसभा येशूच्या नावाने शिकवू नका म्हणते, तेव्हा पेत्र म्हणतो की मनुष्यांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे (प्रे. कृत्ये ५:२९).

सुइणींच्या गोष्टीत एक बाब मला फार मोलाची वाटते. त्या दोघींची नावं लिहून ठेवली आहेत. फारोचं नाव त्या पुस्तकात कुठेच नाही.

नाही म्हणण्याची रीतही बघावी. दानीएल पहिल्या अध्यायात राजाचं अन्न टाळण्यासाठी आधी अदबीने दहा दिवसांची सवलत मागतो. तिघे तरुण राजाचा अपमान करत नाहीत, आणि देव वाचवेलच अशी बढाईही मारत नाहीत. त्याने न वाचवलं तरी आम्ही वाकणार नाही, एवढंच सांगतात (३:१८). परिणाम भोगायची तयारी नसताना केलेला नकार पहिल्या धमकीलाच गळतो.

४. पण सुइणी फारोशी खोटं बोलल्या. चांगल्या कामासाठी खोटं चालतं का?

यावर मंडळीत सुरुवातीपासून मतभेद आहेत. ऑगस्टिनला कुठलंच खोटं मान्य नव्हतं. दुसऱ्या बाजूचे लोक राहाबेचंही उदाहरण देतात (यहोशवा २). वचन सुइणींची वाखाणणी करतं ती देवाचं भय धरल्याबद्दल. मला विचाराल तर, खुनी दाराशी उभा असताना बाळाचा ठावठिकाणा सांगणं हा खरेपणा नव्हे.

ही सवलत मात्र दुसऱ्याचा जीव वाचवण्यापुरती आहे. २०१९ च्या महापुरानंतर पंचनाम्यात नुकसान वाढवून लिहायचं की नाही, हा प्रश्नही कुणी याच वचनावर टेकवून विचारला होता. तिथे फारोही नाही आणि बाळही नाही. जेवढं बुडालं तेवढंच लिहावं.

५. नाबोथाला त्याच्या द्राक्षबागेची अहाब राजा चांगली किंमत देत होता. मग नाबोथाचा तो हट्टच नव्हता का?

तासगाव-पलूसकडे ज्याच्या घरी द्राक्षबाग आहे तो हे विचारणार नाही. लागण केल्यावर वेल मांडवावर चढून पहिला माल यायला दीड-दोन वर्षं जातात. मग दरसाल एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, काडीच्या डोळ्यांना हाताने पेस्ट लावत सरी संपवायची, अवकाळी पाऊस झाला की डाऊनी रोगाच्या धास्तीने रात्रीच फवारणीचा ब्लोअर काढायचा. असा उभा बाग अहाबाला कशासाठी हवा होता? भाजीच्या मळ्यासाठी, कारण तो राजवाड्याला लागून होता (१ राजे २१:२).

नाबोथाचं उत्तर मात्र कष्टांवर आधारलेलं नाही. वडिलोपार्जित वतन देणं परमेश्वर माझ्याकडून न घडवो, असं तो म्हणतो. नियमशास्त्राप्रमाणे जमीन देवाची होती, कुळं ती फक्त राखत होती (लेवीय २५:२३). ज्या गोष्टीची विक्रीच होत नाही ती राजा भाव देऊन मागत होता.

पुढचा भाग वाचताना मी दर वेळी अडखळतो. अहाबाची राणी ईजबेल स्वतः कुणाला मारत नाही. ती राजाच्या शिक्क्याने पत्रं लिहिते. नगरातले वडील आणि सरदार उपासाची हाक देतात, म्हणजे धार्मिक सभा भरवतात, नाबोथाला पुढे बसवतात, दोन खोटे साक्षीदार आणतात आणि बाहेर नेऊन दगडमार करतात. मग वर कळवतात की काम झालं. त्याच्या रोजच्या उठण्याबसण्यातले हे लोक. एकानेही पत्र परत पाठवलं नाही. शिफ्रा आणि पूवा यांच्याकडे (प्र. ३) या वडिलांच्या निम्माही अधिकार नव्हता.

प्रत्येक भूसंपादनाला नाबोथाचा बाग म्हणू नये. रस्ता, कालवा, दवाखाना यांसाठी जमीन लागते, आणि २०१३ च्या कायद्यात मोबदला, पुनर्वसन, हरकती यांची सोय आहे. बघायचं एवढंच की हरकत घेणाऱ्याचं ऐकलं जातं की त्याच्यावर खोटी केस होते.

६. विरोधी पक्षाच्या पुढाऱ्याला बोलणं सोपं जातं. आपल्याच नेत्याला कसं बोलायचं?

पवित्र शास्त्रातला सर्वांत अवघड धीर मला इथेच दिसतो. नाथान दावीदाचा शत्रू नव्हता. तुझं घराणं टिकेल हे वचन त्यानेच दावीदाला ऐकवलं होतं (२ शमुवेल ७). उरीयाला मारवून बथशेबेला घरात आणणाऱ्या त्याच राजासमोर त्याला उभं राहायचं होतं. त्याने गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगितली, राजाला न्याय करू दिला, आणि मग म्हणाला, "तो मनुष्य तूच आहेस" (२ शमुवेल १२:७).

नाथान यानंतर दरबार सोडत नाही, हेही पाहा. शलमोनाच्या राज्यारोहणात तो आहेच (१ राजे १). निष्ठा आणि खरं बोलणं एकाच माणसात राहू शकतात.

याची उलटी बाजू १ राजे २२ मध्ये आहे. अहाबासमोर सुमारे चारशे संदेष्टे एका सुरात "जा, जय होईल" म्हणतात. मीखाया या संदेष्ट्याला बोलवायला गेलेला निरोप्या त्याला वाटेत समजावतो की सगळे चांगलं बोलताहेत, तूही तसंच बोल. आपल्या माणसांकडून येतो तो दबाव असाच असतो, प्रेमाने आणि काळजीने. आपल्या पक्षाची, आपल्या जातीची, आपल्या नेत्याची चूक दिसत असताना फक्त समोरच्यांच्या चुकांचे व्हिडिओ पुढे पाठवत राहणारा विश्वासणारा त्या चारशेंमध्ये उभा आहे.

७. मंडळीच्या पंचांना हिशेब विचारला तर फूट पडते. शांतीसाठी गप्प राहावं का?

राहू नये. मंडळीतही सत्ता असते, किल्ली, कपाट, चेकबुक आणि जमिनीचे कागद ज्यांच्या हाती ती त्यांच्याकडे. शमुवेल म्हातारपणी सगळ्या लोकांसमोर उभा राहून विचारतो, मी कुणाचा बैल घेतला, कुणाचं गाढव घेतलं, सांगा (१ शमुवेल १२:३). पौल यरुशलेमच्या गरिबांसाठीची वर्गणी नेताना सोबत माणसं घेतो, कुणाला बोट ठेवायला जागा राहू नये म्हणून (२ करिंथ. ८:२०-२१). एवढ्या मोठ्या लोकांनी हिशेब दिला, मग आपल्या पंचांना विचारण्यात अपमान कसला?

रीत मात्र पाळावी. आधी एकट्यात, मग दोघातिघांना घेऊन, मग मंडळीपुढे (मत्तय १८:१५-१७). मंडळीच्या वडिलावरचा आरोप दोघातिघांच्या साक्षीशिवाय घेऊ नये, पण तो खरा ठरला तर सर्वांसमोर बोलावं (१ तीमथ्य ५:१९-२०). कुजबुज आणि निनावी पत्रकं यात बसत नाहीत.

व्यवहाराची बाजू: सार्वजनिक न्यासाची स्थावर मालमत्ता विकायला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. अर्ज कधी दिला, कुणी मूल्यांकन केलं, पैसे कुठल्या खात्यात गेले, हे सभासदाने विचारावंच. १ करिंथ. ६ मध्ये भावाने भावाला कोर्टात खेचू नये असं आहे, पण पौलाचा रोख आपसात निवाडा करण्यावर आहे. आपसातला निवाडा जो होऊच देत नाही, त्याला ते वचन ढालीसारखं वापरू देऊ नये.

८. निवडणुकीआधी एक उमेदवार उपासनेत दोन शब्द बोलायचं म्हणतोय. नाही म्हटलं तर राग येईल.

नम्रपणे नाहीच म्हणा, आणि त्याला कायद्याचा आधार आहे. धार्मिक संस्था (गैरवापर प्रतिबंध) अधिनियम, १९८८ प्रमाणे प्रार्थनास्थळाची जागा राजकीय प्रचाराला देता येत नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(३) नुसार धर्माच्या नावाने मत मागणं हा भ्रष्ट आचार आहे, आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अभिराम सिंग खटल्यात त्याचा अर्थ आणखी व्यापक केला.

तो उपासनेला आला तर आनंदाने बसू द्यावा, सगळ्यांबरोबर बाकावर. शाल, श्रीफळ, पुढची खुर्ची यांची घाई करू नये. सोन्याची अंगठी घातलेला सभेत आला की त्याला चांगली जागा आणि गरिबाला "तू तिथे उभा राहा", हे याकोबाने नेमकं असंच वर्णन करून दोषी ठरवलं आहे (याकोब २:२-४). प्रार्थना करायची तर सगळ्या उमेदवारांसाठी, नाव न घेता करावी.

९. पाकीट घ्यायचं आणि मत हवं त्याला द्यायचं, यात काय वाईट?

लाच डोळसांना आंधळं करते (निर्गम २३:८), आणि कायद्याने देणारा-घेणारा दोघेही गुन्हेगार. कुणीच पटत नसेल तर २०१३ पासून यंत्रावर नोटाचं बटण आहे. अडचणीतल्या घराने पाकीट घेतलं म्हणून त्याच्यावर तुटून पडण्याआधी, गेल्या वर्षभरात मंडळीने त्या घराला काय दिलं तेही बघावं.

१०. कारखान्यात खंडेनवमीला यंत्रांची पूजा असते. मी हात जोडले नाहीत तर कुजबुज होते. काय करू?

कुपवाडच्या एमआयडीसीत काम करणाऱ्या मुलांचा हा नेहमीचा प्रश्न. नामान या अरामी सेनापतीची गोष्ट वाचा (२ राजे ५:१७-१९). कोडातून बरा झाल्यावर तो अलीशा संदेष्ट्याला स्वतःहून सांगतो की धनी माझ्या हातावर टेकून रिम्मोनाच्या देवळात नमतो तेव्हा मलाही वाकावं लागतं, त्याची क्षमा असो. अलीशा त्याला झिडकारत नाही, "शांतीने जा" म्हणतो. दुसरीकडे ते तीन तरुण वाकले नाहीत (प्र. ३). फरक हा की तिथे वाकणं हीच निष्ठेची कसोटी केली होती. कारखान्यात कुणी तुमची कसोटी घेत नसतं, सोबत्यांचा सण असतो. आदल्या दिवशी यंत्र पुसून द्या, फुलं आणून द्या, पूजेच्या वेळी शांत उभे राहा, हात जोडू नका. कुणी विचारलं तर साध्या शब्दांत सांगा.

केरळातल्या एका शाळेतून १९८५ मध्ये यहोवाचे साक्षीदार पंथातल्या तीन भावंडांना काढून टाकलं होतं, कारण ती राष्ट्रगीताला आदराने उभी राहत पण गात नसत. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्या पंथाची शिकवण मला मान्य नाही, पण अदब राखून केलेला नकार असा दिसतो.

११. आमच्या आजोबांच्या पिढीत पत्री सरकार होतं. रोमकरांस १३ प्रमाणे ते पाप ठरतं का?

१९४२ ते १९४६ या काळात तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सांगलीच्या मोठ्या भागातही, क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार (लोकांच्या तोंडचं पत्री सरकार) चाललं. कुंडल-वाळव्याकडे त्याच्या आठवणी घराघरांत आहेत. लोकांचे तंटे सोडवले गेले, सावकार आणि गुंडांना जरब बसली, हत्यारंही उचलली गेली.

परक्यांचं राज्य उलथवायला उठलेल्यांना एका वचनाने पापी ठरवण्याचं धाडस मी करणार नाही. त्याच वचनाचा हवाला इंग्रजांच्या काळात आपल्या लोकांना गप्प ठेवायला दिला जाई. तरीही काका बॅप्टिस्टांसारखे ख्रिस्ती टिळकांबरोबर होमरूलच्या चळवळीत उभे राहिले. पण तलवारीबद्दल येशू पेत्राला जे बोलला (मत्तय २६:५२) तेही मला खोडता येत नाही. हिटलरविरुद्धच्या कटात सामील झालेल्या आणि ९ एप्रिल १९४५ रोजी फाशी गेलेल्या डीट्रिख बोनहोफर या पाळकाने आपल्या हाताला लागणारा दोष नाकारला नाही, तो पत्करला. माझं मन तिथपर्यंत जातं, त्यापुढे जात नाही.

१२. दाखल्यावर हिंदू आणि रविवारी मंडळीत, असं जगणाऱ्याला भित्रा म्हणायचं का?

म्हणू नये. १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशाने सवलत फक्त हिंदूंना ठेवली. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. २०२२ मध्ये यावर केंद्राने माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा आयोग नेमला. बाप्तिस्मा घेतल्याने गावाच्या नजरेतली जात जात नाही, हे आपण सगळे जाणतो. अन्यायाचे कायदे लिहिणाऱ्यांना यशया हाय हाय म्हणतो (यशया १०:१-२), आणि तो राग आपणही बाळगावा.

तरी प्रतिज्ञापत्रावरचं खोटं ते खोटंच, आणि घरातल्या मुलांना ते रोज दिसतं. नामानाने (प्र. १०) आपली अडचण अलीशापासून लपवली नव्हती. पाळकाशी मोकळं बोलता यावं, एवढं वातावरण मंडळीने द्यावं. प्रभुभोजनाच्या मेजावर दाखला तपासणं हे मंडळीचं काम नाही.

१३. घरातली प्रार्थनासभा लोकांनी येऊन बंद पाडली. सहन करायचं की तक्रार करायची?

दुसरा गाल पुढे करणं आणि तक्रार करणं यांत विरोध नाही. हात उचलू नका, शिवी देऊ नका, आणि ११२ ला फोन करा. लेखी तक्रार द्या, पोच घ्या. तोंडी मनाई झाली तर कोणत्या आदेशाने, हे नम्रपणे लेखी मागा. संविधानाच्या कलम २५ ने धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि प्रसाराचा हक्क दिला आहे, सार्वजनिक सुव्यवस्था, नीती आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. त्यामुळे रात्री भोंगा लावून शेजाऱ्यांची झोप मोडू नये, आणि मदतीच्या बदल्यात विश्वास मागू नये.

पौलाने फटके बसण्याआधी आपलं नागरिकत्व सांगितलं (प्रे. कृत्ये २२:२५), आणि पुढे कैसराकडे दाद मागितली (२५:११). साताऱ्याच्या लोकांना हे ओळखीचं वाटेल. १८३९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढलं, तेव्हा त्यांचे वकील रंगो बापूजी लंडनला जाऊन कित्येक वर्षं त्यांची बाजू मांडत राहिले. कंपनीने ऐकलं नाही. पौलही रोममध्ये दोन वर्षं पहाऱ्यातच होता. दाद मागितली म्हणजे मिळतेच असं नाही, तरी मागावी.

१४. मला भीती वाटते. माझा विश्वास कमी आहे का?

कर्मेलावर साडेचारशे बआलाच्या संदेष्ट्यांसमोर उभा राहिलेला एलीया ईजबेलीच्या एका निरोपाने पळाला आणि झुडपाखाली मरण मागत पडला. देवाने त्याला रागावण्याआधी भाकर दिली, पाणी दिलं, झोपू दिलं (१ राजे १९:५-८). ओबद्या अहाबाचा कारभारी होता, भिऊन वागत होता, आणि तरी शंभर संदेष्ट्यांना पन्नास-पन्नास करून गुहांत लपवून जगवत होता (१ राजे १८:४). अरिमथाईकर योसेफ भीतीने लपून शिष्य राहिला, आणि सगळे पांगल्यावर पिलाताकडे जाऊन येशूचं शरीर मागणारा तोच निघाला (योहान १९:३८). एस्तेर राणीही, राजाकडे जाऊन आपल्या लोकांसाठी बोल, या मर्दखयाच्या पहिल्या निरोपाला हो म्हणाली नव्हती. तिने सगळ्यांना आपल्यासाठी तीन दिवस उपास करायला सांगितला, मग म्हणाली, मी मेले तर मेले (एस्तेर ४:१६). भीती वाटत असेल तर सोबत मागा.

१५. तरुण संघात हा विषय घ्यायचा आहे. कुठून सुरुवात करावी?

योथामाच्या गोष्टीपासून करा (शास्ते ९:७-१५). जैतून, अंजीर, द्राक्षवेल राजा व्हायला तयार नसतात आणि काटेझुडूप तयार होतं, हे मुलांना लगेच पकडतं. मग १ शमुवेल ८, जिथे राजा तुमचं काय काय घेईल याची यादी शमुवेल वाचून दाखवतो. तिसऱ्या बैठकीत नाबोथ, आणि तो वाचताना नाबोथाच्या नगरातल्या, म्हणजे इज्रेलच्या, वडीलजनांच्या बाजूने वाचायला लावा. नाथान आणि मीखाया एकत्र घ्या, रोमकरांस १३ सगळ्यांत शेवटी. महिला मंडळात असेल तर रिस्पेला वगळू नका (२ शमुवेल २१:८-१४). एक बाई काही न बोलता कापणीपासून पावसापर्यंत मारल्या गेलेल्या आपल्या माणसांची प्रेतं राखत बसली आणि राजाला हालावं लागलं. वेळ उरला तर वरचा अकरावा प्रश्न चर्चेला ठेवा. त्यावर वाद होतो, आणि तो होऊ द्यावा.